ओबेद लस्कमचे त्रेसष्ट ठोके

संशय हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. मी पिंपं बांधतो. ओकच्या वीस-बावीस फळ्या लोखंडी कड्यांत आवळायच्या, आणि त्यांतली एक जरी दगाबाज निघाली तर कुणाची तरी वर्षभराची सफरचंदाची सायडर भुईत जिरते. म्हणून प्रत्येक फळी ठोकून ऐकायची, हुंगायची, उजेडाकडे धरून बघायची. चाळीस वर्षं फळ्यांवर असा संशय घेतल्यावर माणसं तेवढी सुटतील कशी? गिल्बर्ट टोझरनं ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही असा एक माणूस ऑटरकोममध्ये दाखवा आणि माझ्याकडून एक पिंप फुकट न्या. पण सगळ्यांत जास्त संशय मी ज्याच्यावर घेतला, तो ओबेद लस्कम.

ओबेद चर्चची घंटा वाजवायचा आणि कबरी खणायचा. उंच, पाठीत वाकलेला, हाताचे पंजे फावड्याएवढे. समोरच्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची त्याला खोड होती. लोक म्हणायचे, माप घेतोय. ‘पांढरं हरीण’ खाणावळीची मालकीण डॉर्कस त्याला तोंडावर सांगायची, “ओबेदबाबा, माझ्याकडं असं बघू नका. मला अजून दुसरा नवरा करायचाय.” तो हसायचा नाही. कोपऱ्यातल्या आपल्या जागेवर बसून पाव, चीज आणि कच्चा कांदा खायचा, एक प्याला सायडर प्यायचा आणि उठून जायचा. इतकं कमी बोलणारा माणूस मला पहिल्यापासूनच खटकायचा.

आमच्या गावात मेलेल्याची बातमी मोठी घंटा सांगते. तीनदा तीन ठोके म्हणजे पुरुष. तीनदा दोन म्हणजे बाई. तीनदा एक म्हणजे लेकरू. मग जरा थांबून वयाइतके ठोके, वर्षाला एक. पहिला ठोका पडला की हातातलं काम हातात राहतं, पुरुष टोप्या काढतात आणि सारं गाव मनात मोजायला लागतं. शेवटच्या ठोक्यानंतर कुणी गेलं हे विचारावं लागत नाही. कोण किती वर्षांचा आणि कोण अंथरुणाला खिळलाय, हे ज्याला त्याला ठाऊक असतं. घंटा चालू असताना टोपी घालणं किंवा तोंड उघडणं आमच्याकडे दारुड्यालाही जमत नाही.

ओबेदला एका कानानं ऐकू येत नसे. म्हणून तो वयाइतके वाळके वाटाणे मोजून डाव्या खिशात टाकायचा आणि प्रत्येक ठोक्याला एक वाटाणा उजव्या खिशात सरकवायचा. तीस वर्षांत एक ठोका चुकला नाही. त्याची बायको पेशन्स बाळंतपणात गेली तेव्हाही त्यानंच घंटा वाजवली. तीनदा दोन, मग एकतीस. लगेच मागोमाग तीनदा एक आणि पुढे काही नाही, कारण पोराला वर्षच लागलं नव्हतं. तेव्हाही एक वाटाणा इकडचा तिकडे झाला नाही, असं माझा बाप सांगायचा.

आता सर हम्फ्री डॅलकोट. पार्लमेंटात आमच्या गावाच्या वतीनं बसणारा हा माणूस निवडणुकीच्या वेळी आमच्याच अंगणात उभा राहून आमचीच सायडर प्यायला होता. “सफरचंदावर कर बसवायचं कुणाच्या मनात आलं तर आधी माझ्याशी गाठ आहे,” असं म्हणाला होता. नवा राजा गादीवर येऊन तीन वर्षं झाली आणि सायडरवर कर आला. सर हम्फ्रीनं उठून त्याच्याच बाजूनं मत दिलं. सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली! कराचं एक वेळ सोडा. पण अबकारीचा माणूस आता न विचारता घरात शिरायचा, तळघरात उतरायचा, पिंपात काठी घालून बघायचा. माझ्या आईच्या पलंगाखाली एक लहान पिंप असायचं, त्यासाठी त्यानं म्हातारीला पलंगावरून उठवलं. त्या दिवसापासून मी दुकानातल्या सगळ्या पिंपांना काळं फडकं बांधून ठेवलं. नवीन एकही बांधलं नाही. कोण मागणार होतं?

मे महिन्यात कळलं की नगराध्यक्षाच्या खाणावळीतल्या मेजवानीला सर हम्फ्री येणार, गुरुवारी, दुपारी तीन वाजता. माझ्याच दुकानात आम्ही दहा-बारा जण जमलो. पुढारी होता खोगीर शिवणारा जोनस व्हिडन. त्याच्या डोक्यात सगळं तयार होतं. सर हम्फ्रीचा पेंढ्याचा पुतळा करायचा, मखमली कोट, मेंढीच्या लोकरीचा टोप, हातात रिकामा प्याला. तो शवपेटीत घालून चौकात आणायचा. गाडी चौकात शिरली की चर्चची मोठी घंटा वाजवायची. आधी नऊ, मग सर हम्फ्रीच्या वयाचे सेहेचाळीस. सेहेचाळिसावा ठोका हा इशारा. तो पडला की पुतळा फासावर चढवायचा आणि कुजकी अंडी, चिखल, जे हाताला येईल ते खऱ्या हम्फ्रीवर फेकायचं.

“त्याला कळू दे, ऑटरकोमपुरता तो मेला,” व्हिडन म्हणाला.

ओबेद दाराशी उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“जिवंत माणसाची घंटा मी वाजवणार नाही,” तो म्हणाला.

“अहो बाबा, गंमत आहे ती!”

“घंटेला गंमत कळत नाही.”

“करानं तुमची सायडर सोडली का?”

“नाही सोडली. दुसरं काय सांगाल ते करतो. पुतळा ओढतो. फासाच्या खांबाचा खड्डा खणून देतो. जिवंत माणसाचे ठोके माझ्या हातून नाही.”

माझ्यानं राहवेना. ओबेदची दगडी झोपडी डॅलकोटांच्या मालकीची होती, त्याच्या आजापासून. मी म्हटलं, “बाबांचं छप्पर ज्याचं, त्याचीच घंटा वाजवायची म्हणजे जड जाणारच.”

ओबेदनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि तो निघून गेला. आम्हाला अशा वाटाण्याच्या अक्षता लावून गेल्यावर खरं तर विषय संपायला हवा होता. दुसऱ्या कुणाला तरी दोरी दिली असती. पण रविवारी प्रार्थनेनंतर मी त्याला डॅलकोटांच्या वाड्याकडे जाताना पाहिलं. अंगात लग्नातला काळा कोट, टोपी काखेत. मागल्या दारानं आत गेला. मंगळवारी सकाळी पुन्हा तसाच.

मी गावभर सांगितलं. लपवत नाही.

“अंडी विकायला गेला असेल,” डॉर्कस म्हणाली.

“लग्नाचा कोट घालून?”

“मग तूच विचार ना त्याला. तोंड तर आहे तुला, नको तेवढं.”

विचारायची वेळ आली नाही. मंगळवारी संध्याकाळी तो आपणहून दुकानात आला आणि म्हणाला, “वाजवीन.”

“मन कशानं पालटलं, बाबा?”

“वाजवीन म्हटलं ना.”

तो गेल्यावर मी व्हिडनला गाठलं. परवा नको म्हणणारा माणूस दोनदा वाड्यावर जाऊन येतो आणि मग आपणहून हो म्हणतो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. ठरलं असं की गुरुवारी घंटाघराच्या दारात कुणीतरी पहारा द्यायचा, म्हणजे तो ऐन वेळी पळणार नाही. पहारा मी मागून घेतला.

गुरुवारी चौकात सारं गाव होतं. दुकानं बंद, खिडक्यांतून काळी फडकी. शवपेटी फासाच्या खाली ठेवलेली. पुतळा इतका हुबेहूब झाला होता की एका कुत्र्यानं त्याच्यावर भुंकून घेतलं. ओबेद आला, माझ्यासमोरून जिना चढून गेला. त्याचा डावा खिसा चांगला फुगलेला होता. तो मी तिथल्या तिथे रिकामा करून मोजायला हवा होता, पण तेवढं माझ्या लक्षात आलं नाही.

अडीचलाच गाडी आली. अर्धा तास आधी! आमच्या बेताची खबर त्याला कुणी दिली असेल, हा विचार माझ्या मनात आला तोच वर पहिला ठोका पडला.

तीन. तीन. तीन. चौकातल्या सगळ्या टोप्या उतरल्या. गाडीला पुढं वाट नव्हती, म्हणून सर हम्फ्री खाली उतरला. त्याला काय माहीत कुणाचं मरण चाललंय? पण तोही इथंच वाढलेला. त्यानंही टोपी काढली, मान खाली घातली आणि उभा राहिला. आम्ही त्याचेच ठोके मोजत होतो आणि तोही आमच्याबरोबर मोजत होता. बायका ओठात ओठ दाबून हसू आवरत होत्या.

चव्वेचाळीस. पंचेचाळीस. सेहेचाळीस. व्हिडननं हात वर केला.

सत्तेचाळीस.

व्हिडनचा हात तसाच राहिला. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. लोक एकमेकांकडे बघायला लागले, पण टोप्या हातातच होत्या आणि तोंडं बंद होती. घंटा चालू असताना अंडं फेकायचं कसं? ते आमच्या हाडात नाही. सर हम्फ्री मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत, गर्दीतून चालू लागला. लोकांनी वाट दिली. मयताच्या घंटेत चालणाऱ्याला वाट देतात, म्हणून दिली. खाणावळीच्या दाराशी त्यानं डॉर्कसला हळूच काहीतरी विचारलं, कोण गेलं, असं असणार. डॉर्कसनं वर घंटेकडे बोट दाखवलं, अजून संपलं नाही या अर्थानं. तो आत गेला. नगराध्यक्षानं दार लावून अडसर घातला.

त्रेसष्टला घंटा थांबली.

“त्रेसष्टचं कोण?” मागून कुणीतरी विचारलं. दोन-तीन म्हाताऱ्यांनी घाबरून आपल्याच छातीला हात लावला.

“म्हातारा मोजायला चुकला,” व्हिडन दात खाऊन म्हणाला.

“तो चुकत नाही,” मी म्हटलं आणि जिना चढलो.

ओबेद दोरीजवळच्या बाकावर बसला होता. उजव्या खिशातले वाटाणे काढून कापडी पिशवीत भरत होता. धाप लागली होती त्याला.

“कुणाचे वाजवले?” मी विचारलं.

“माझे.”

“तू जिवंत आहेस!” जन्मात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं.

“माझीच घंटा मी वाजवली तर पाप माझ्याच डोक्यावर. तुम्हाला घंटा हवी होती, दिली. दुसऱ्याचा जीव माझ्या दोरीला बांधू नका.”

“सेहेचाळीसला थांबला असतास तर काय बिघडत होतं?”

“घंटा खोटं बोलली असती.”

“आणि तो हरामखोर कोरडा आत गेला, त्याचं काय? बोल, कशाच्या बदल्यात विकलंस गावाला?”

त्यानं पिशवीची नाडी आवळली, आणि या वेळी मला डोक्यापासून पायापर्यंत न पाहताच जिना उतरून गेला.

पुतळा आम्ही जाळला, पण पेंढा ओलसर होता. ज्वाळा कमी आणि धूर जास्त. आत मेजवानीत काट्या-चमच्यांचे आवाज चालू होते. संध्याकाळी व्हिडननं पुतळ्याचं अर्धवट जळलेलं धड उचललं. “याच्या दारात नेऊन टाकू,” म्हणाला. आम्ही वीस जण ओबेदच्या झोपडीवर गेलो. झोपडी रिकामी. चुलीत राखसुद्धा नव्हती, भिंतीवरचे खिळे उघडे. मग काय, चोरी पकडल्यासारखंच झालं. सर हम्फ्रीनं याला कुठंतरी चांगलं घर दिलं, असं त्याच रात्री गावभर झालं, आणि ते पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी तो चर्चमागच्या फावड्यांच्या खोपटात राहताना सापडला. लोकांचं मन त्यानंही पालटलं नाही. मी म्हणालो, ताकाला जाऊन भांडं लपवतोय, चार महिने जाऊ द्या, मग बघा. पाद्रीबाबा चिडले होते ते वेगळ्याच कारणानं. जिवंत माणसाची घंटा वाजवली म्हणून त्यांनी ओबेदकडून दोरी काढून घेतली, फावडं तेवढं ठेवलं. दोरी कुणाकडे द्यायची? बाकी कुणावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी घेतली.

चार महिने गेले, चार वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी कर उठला. आम्ही चौकात नाचलो, पिंपांची काळी फडकी मी स्वतः जाळली. ओबेद त्या दिवशीही एक कबर खणत होता. खाणावळीत त्याची कोपऱ्यातली जागा दुसऱ्यानं घेतली होती. तो आत आला की बाकं भरलेली असायची, रिकामी असली तरी भरलेली असायची. मग तो यायचा थांबला. डॉर्कस मागल्या दारानं त्याला सूप पाठवायची आणि आम्ही विचारलं की म्हणायची, डुकरांना घातलं. मोठं घर काही आलं नाही. हिवाळ्यात खोपटाच्या फटींत तो गवत कोंबून राहायचा. ते बघूनही मी म्हणत होतो, पक्का आहे म्हातारा. संशय एकदा मुरला की त्याला पुराव्याची गरज उरत नाही.

सातव्या वर्षी, जानेवारीत, डॅलकोटांचा जुना कारभारी माझ्या दुकानात आला. नोकरी सोडलेली, हातात लोण्याचं गळकं लाकडी भांडं. कडं बदलेपर्यंत बसला.

“लस्कम कसा आहे?” त्यानं विचारलं. “तसा भाडेकरू मी पुन्हा पाहिला नाही.”

“त्याला मोठं घर देणार होतात ना तुम्ही?” मी म्हटलं, हातोडा न थांबवता.

“मोठं घर? अरे, होतं तेही त्यानं सोडलं. रविवारी आला तेव्हा मी जेवत होतो, मंगळवारी ये म्हटलं. मंगळवारी टेबलावर किल्ली ठेवली. म्हणाला, गुरुवारी मला गावाच्या बाजूनं उभं राहायचंय. मालकाच्या छपराखाली राहून मालकाविरुद्ध उभा राहणार नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मी नव्हे.”

माझा हातोडा थांबला.

“मग अर्धा तास आधी या, असं साहेबाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. भूक लागली होती त्याला. वाटेत जेवण बरं मिळालं नाही.”

लोण्याचं भांडं अर्धवट टाकून मी चर्चमागं गेलो. ओबेद खोपटात गवतावर पडला होता, छाती घरघरत होती. कोपऱ्यात डॉर्कसचं सुपाचं वाडगं होतं. इतक्या वर्षांत मी तिथं कधी आत शिरलो नव्हतो. वाकून शिरावं लागलं.

“गिल्बर्ट,” तो म्हणाला. “फळी ठोकून बघायला आलास?”

“बाबा, तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलंस कुठं? कशाच्या बदल्यात विकलंस, एवढंच विचारलंस.”

मी त्याचा पंजा हातात घेतला. तो अजूनही फावड्याएवढा होता, पण वजन गेलं होतं. सात वर्षं या माणसानं पाऊस आणि गाव दोन्ही झेललं, आणि गाव त्याच्यावर सोडलं होतं मी. मी रडलो. त्यानं रडू दिलं. मग उशाची कापडी पिशवी माझ्याकडे सरकवली.

“वाटाणे घेऊन जा. तुला मोजता येत नाही. परवा बेकरच्या आजीला एक ठोका जास्त दिलास.”

नऊ दिवसांनी तो गेला. सत्तर वर्षांचा होता. कबर मी आणि व्हिडननं खणली. व्हिडनला मी सगळं सांगितलं होतं, त्यानं एकदाही मान वर केली नाही. बाकी गावाला सांगायला माझी जीभ अजून रेटत नव्हती. पाद्रीबाबा म्हणाले, टोझर, नऊ आणि सत्तर.

मी पिशवी घेऊन वर गेलो. बाकावर वाटाणे मोजले. डाव्या खिशात घातले. खिडकीतून चौक दिसत होता, बाजाराचा दिवस, गर्दी.

तीन. तीन. तीन. खाली टोप्या उतरल्या. मी थांबलो, मग दोरी ओढली. एक. दोन. प्रत्येक ठोक्याला एक वाटाणा उजव्या खिशात. सहा. सात.

डावा खिसा रिकामा झाला. मी दोरी सोडली.

खाली लोक टोप्या हातात धरून उभे होते, आठव्या ठोक्याची वाट बघत. नऊ ठोके पुरुषाचे आणि वय सात, असा माणूस असतो का? कुजबूज सुरू झाली, माना वर वळल्या. मग खाणावळीच्या दारातून डॉर्कसचा आवाज आला, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा:

“बघता काय वर? बाकीचे त्रेसष्ट त्यानं स्वतःच वाजवले होते. तुमच्यासाठी!”

त्यानंतर बराच वेळ चौकात कुणी टोपी घातली नाही.